न घेतलेलं नाव

अकरा वाजून नऊ मिनिटांनी पडद्यावर एक ओळ उमटली आणि मैनाचा चहाचा कप तोंडाशी जाता जाता थांबला. ओळ लाल नव्हती. लाल असती तर तिने आधी चहा संपवला असता. लाल ओळींशी तिचा अठरा वर्षांचा घरोबा होता. ही साधी, पांढरी, सभ्य ओळ होती. रोह्याच्या कारखान्यातल्या कुठल्याशा यंत्राने एक नाव विचारलं होतं, आणि तिने परवा रविवारी बसवलेल्या नव्या मशीनने, खिडकीतला कारकून मान वर न करता सांगतो तसं, सांगून टाकलं होतं की या नावाचं इथे कुणी नाही. विचारलेलं नाव होतं हैबत.

तिने कप खाली ठेवला. पहिल्यांदा तिच्या मनात जे आलं ते अगदीच बावळट होतं. तिला वाटलं, कुणीतरी आपल्या नवऱ्याची चौकशी करतंय आणि त्याला वाटेला लावलं जातंय. हैबतराव हे नाव आता कुणी ठेवत नाही. सासऱ्यांनी आपल्या आज्याचं म्हणून ठेवलं, आणि त्या किडकिडीत माणसाला ते जन्मभर थोरल्या भावाच्या शर्टासारखं ढगळ होत राहिलं. हैबत म्हणजे धाक, जबर भीती. नवऱ्याला तर वरश्याला त्यांच्या गल्लीतलं कुत्रंसुद्धा भीत नसे; तो भाकरीचा तुकडा घेऊन बाहेर आला की ते आधी त्याच्या चपलेवर बसायचं. तरी आत्ता, सकाळच्या उजेडात, पंख्याखाली, ती सहा इंग्रजी अक्षरं बघताना मैनाला जे वाटलं त्याला त्या नावाचा मूळ अर्थच लागू पडत होता.

तिचं काम सांगायला सोपं होतं, करायला नव्हतं. पेणला रामवाडीतलं हे ऑफिस आणि रोह्याजवळचा कारखाना मिळून कंपनीत एकशे चाळीस यंत्रं होती, आणि प्रत्येकाचा एक आकडी पत्ता होता. आकडे माणसांच्या लक्षात राहत नाहीत. आणि यंत्रांना माणसांनीच शिकवलेलं, त्यामुळे तीही एकमेकांना नावाने हाका मारतात. मग नाव सांगितलं की पत्ता काढून देणारं एक मशीन लागतं. साहेब लोक त्याला डीएनएस म्हणत, मैना नावांचं मशीन म्हणे. जुनं मशीन गणपतीनंतर धापा टाकायला लागलं होतं. तिने नवीन मागवलं, आठवडाभर घरी बसून वाचलं, आणि रविवारी कारखाना बंद असताना जुनं काढून नवीन लावलं. नावं तीच ठेवली. ती निलेशने दिलेली होती. निलेश म्हणजे तिच्या आधी या खुर्चीत बसणारा, आता मस्कतला. कारखान्यातून कुणी निवृत्त झालं की शाल, नारळ आणि एक यंत्र, अशी त्याने पद्धतच पाडली होती. कँटीनच्या हजेरीचं यंत्र सगुणा, कारण सगुणाबाईंनी तिथे बावीस वर्षं भात वाढला. वजनकाट्याचं हर्षद. आणि तीन नंबरच्या शेडमध्ये हवेतला विषारी वायू मोजणारी एक पेटी भिंतीला लावलेली आहे, ती आपला आकडा कंट्रोल रूममधल्या ज्या मशीनला कळवते, आणि आकडा दहाच्या वर गेला की जे मशीन भोंगा वाजवतं, त्याचं नाव हैबत.

कारण ती पेटी यायच्या आधी त्या शेडचं नाक म्हणजे तिचा नवरा होता. टाकीच्या झाकणातून तो वायू चोरपावलांनी सुटे, कुजक्या अंड्यासारखा, आणि इतरांना वास येण्याआधी हा हातातलं काम टाकून सरळ उभा राही. हा उभा राहिला की बाकीचे काही न विचारता बाहेर पडत. सत्तावीस वर्षांत त्याने चार वेळा शेड रिकामी केली होती. निरोपाच्या दिवशी निलेशने माईकवर सांगितलं, काका चालले, पण काकांचं नाक आम्ही ठेवून घेतोय, आणि सगळे इतके हसले की नवऱ्याला हसावं की नाही कळेना. ते नाक त्यानंतर दीड वर्षाने, त्या मोठ्या साथीत गेलं. ताप उतरला, चव आली, वास आला नाही. तो परत आलाच नाही. हे फक्त मैनाला माहीत होतं. तिलाही त्याने सांगितलं नव्हतं; एकदा फणस पिकून स्वयंपाकघरात दोन दिवस पडला होता आणि तो त्याच्या शेजारी बसून विचारत होता, यंदा फणस कसा नाय आला गो बाजारात, तेव्हा तिला कळलं. तिनेही मग कुणाला सांगितलं नाही. माणसाची एखादी गोष्ट गेली तर ती झाकायला बायको असतेच की.

आज सकाळी दूध उतू जाऊन शेगडीवर करपलं होतं आणि तो दोन हातांच्या अंतरावर बसून पेपर वाचत होता.

"दूध जळलं, कळलं नाय तुम्हाला?"

"कसं कळणार? दूध काय हाक मारतंय?" मग तिच्या तोंडाकडे बघून पेपर खाली ठेवत, "इद्रीसनं बोलावलंय आज. मेंटेनन्स संपला, तीन नंबरची टाकी चालू करतायत. म्हणाला, काका, या जरा, तुमचं नाक पायजे."

"मग सांगितलंत त्याला?"

"काय?"

"नाकाचं."

तो बराच वेळ चष्मा पुसत राहिला. "अगो, यंत्र हाय की तिथं. माझ्याच नावाचं. मी नुसता उभा ऱ्हाणार, पोरांना बरं वाटतं."

तिला तेव्हा बोलता आलं असतं. आठ-दहाची गाडी होती, डबा भरायचा होता, आणि खरं सांगायचं तर चार वर्षांनी त्याने इस्त्रीचा शर्ट काढला होता. कासू गेल्यावर गाडी जरा थांबली होती, तेव्हाही तिच्या मनात आलं होतं की इद्रीसला एक फोन करावा. मग तिने आपली समजूत घातली. यंत्र आहे.

आता ते यंत्र पडद्यावर होतं, आणि त्याच्यासमोर लिहिलं होतं, नाही. तिने ओळी वर सरकवल्या. काल सोमवार, अकरा वाजून आठ मिनिटं, हैबत, नाही. परवा रविवार, अकरा वाजून सात मिनिटं, हैबत, नाही. रोज एकदाच. रविवारी अकराला काही मिनिटं असतानाच तिने जुन्या मशीनची वायर काढली होती. काल तिने या ओळी बघितल्या नव्हत्या असं नाही. वरून खाली नजर फिरवली होती, लाल काही दिसलं नाही म्हणून खिडकी बंद केली होती. ‘नाही’ हा बिघाड नसतो. ‘नाही’ हे रीतसर उत्तर असतं. चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या पत्रावर पोस्टमन शेरा मारतो, तेव्हा पोस्टाची काही चूक नसते.

तिने मोबाईलवरून इद्रीसला फोन लावला. इद्रीस म्हणजे शिफ्टचा इनचार्ज, पंचेचाळिशीचा, गोलसर, तिच्या नवऱ्याला काका आणि तिला ताई म्हणणारा. हे नातं कसं बसतं, असं तिने एकदा विचारलं होतं, तर म्हणाला होता, काकांचं वय झालं, तुमचं नाय झालं, ह्यात माझा काय दोष.

"इद्रीसभाई, तीन नंबरचा आकडा काय दाखवतोय तुमच्यासमोर?"

"चार. एकदम झकास. हिरवा हाय."

"आणि काल?"

"चारच. रविवारपास्नं चार, ताई. हलत नाय. नायतर ते टीचभर यंत्र दिवसभर तीन-पाच, तीन-पाच करायचं, डोळ्याला त्रास. तुम्ही नवीन बसवल्यापास्नं गप बसलंय बघा."

तो चार रविवारचा होता. पेटीने हैबतला सांगितलेला शेवटचा आकडा. त्यानंतर पेटीला हैबत सापडलाच नव्हता, आणि हैबत आपला शेवटचं ऐकलेलं धरून बसला होता, हिरव्या रंगात.

"टाकी चालू केलीत?"

"दहाला. भरतेय. काका हायत आत, पोरांबरोबर. काय झालं?"

"थांबवता येईल का जरा?"

"थांबवायची तर मोठ्या साहेबाला कारण सांगायला लागेल. काय झालं ते तर बोला."

इथे मैना जे बोलली ते पुढे कितीही दिवस गेले तरी तिला विसरता येणार नव्हतं, आणि ते बोलत असतानाच तिला हे कळत होतं. ती म्हणाली, "काही नाही. दोन मिनिटं द्या मला." दोन मिनिटांत होणारं काम होतं. एक नाव घालायचं, एक पत्ता लिहायचा. ते झालं की पेटी विचारेल, मशीन सांगेल, चारचा पाच होईल, आणि कुणालाच कळायची गरज नाही. पन्नाशीची बाई, कॉलेजचं तोंड न बघितलेली, फोन उचलायला म्हणून या ऑफिसात लागलेली आणि निलेशच्या पाठीमागे उभं राहून राहून शिकलेली, तिच्याकडे या खुर्चीत दोन मिनिटांच्या चुकीला जागा नव्हती. असं तिला वाटत होतं.

तिने टेबलाच्या खणातून निलेशची छापील यादी काढली. एकशे चाळीस नावं, प्रत्येकापुढे तिची पेन्सिलीची खूण. खूण सगळ्यांपुढे होती. नाही, सगळ्यांपुढे नव्हती. हर्षदच्या वर, दुसऱ्या पानाच्या मध्यावर, एका नावापुढे कागद कोरा होता, आणि तो इतका स्वच्छ कोरा होता की रविवारी तिने तो बघून सोडला असेल हे शक्यच वाटेना. मग तिला कळलं, कसं सुटलं ते. बोटं की-बोर्डवर चालत होती, आणि कळणं बोटांच्या मागून येत होतं. ती मोठ्याने वाचून टाइप करायची. इंग्रजी वाचताना अडखळायची म्हणून सुरुवातीला निलेशनेच लावलेली ही सवय: ताई, तोंडाने म्हणा, हात आपोआप चालतो. अठरा वर्षं तोंडाने म्हटलं की हात चालत होता. रविवारी या रिकाम्या खोलीत ती एकटी म्हणत होती, गेट एक, गेट दोन, सगुणा, प्रिंटर तळमजला. हैबतशी आल्यावर तोंड थांबलं नव्हतं, अडखळलंही नव्हतं. ते नुसतं पुढे गेलं होतं, जसं एकोणतीस वर्षं जात होतं. आणि हात तोंडामागून गेला.

लग्नाच्या पहिल्या आठवड्यात सासूबाईंनी तिला परसदारी नेऊन सांगितलं होतं, पोरी, पूजेला, हळदीकुंकवाला उखाण्यात घे, पण एरवी त्याचं नाव तोंडात आणू नको, नाव घेतलं की आयुष्य झिजतं. मैना तेव्हाही मनात हसली होती. या असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता. पण विश्वास नसणं वेगळं आणि जीभ वेगळी. उखाण्यातही तिने राव म्हणून भागवलं होतं. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, बँकेत, नवऱ्याचं नाव काय म्हटलं की ती कागद ओढून लिहून द्यायची. कारकून बायका हसायच्या, आणि तीही हसायची. लेकीच्या, सुरभीच्या शाळेत एकदा बाईंनी हटून बसून विचारलं, तर तिने चार वर्षांच्या पोरीला कोपर मारून बाबांचं नाव सांगायला लावलं होतं. घरात अहो, ऐकलं का. बाहेर आमचे हे. हातानं हजारदा लिहिलेलं नाव, पण जिभेवरून ते कधी गेलंच नव्हतं, आणि तिथे त्याची वाटच तयार झाली नव्हती. आणि रविवारी सगळं झाल्यावर तिने तपासणी केली नव्हती का? केली होती. हीच यादी, एकेक नाव, मोठ्याने म्हणत. एकशे एकोणचाळीस नावं विचारली, एकशे एकोणचाळीस पत्ते बरोबर आले. ज्या तोंडाने चूक केली त्याच तोंडाने तपासली, आणि मग खुशीत पेणच्या स्टँडवर उभं राहून वडापाव खाल्ला.

नाव घालून झालं. तिने स्वतःच्या मशीनवरून विचारून बघितलं, पत्ता आला. अकरा वाजून सोळा मिनिटं. ती पडद्याकडे बघत बसली. आता पेटी विचारेल. गेट एकने काहीतरी विचारलं, मिळालं. सगुणाने विचारलं, मिळालं. पेटी विचारत नव्हती. सतरा मिनिटं. मैनाला वाटलं, रागावलीय. लहानपणी शेजारची एक म्हातारी होती, तिला एकदा साखर नाही म्हटलं तर तिने पुढे आयुष्यात काही मागितलं नाही. आणि त्या म्हातारीवरूनच तिला आठवलं, रोज एकदाच का ते. रविवारी सेटिंग भरताना एक चौकट होती: एखादं नाव नाही असं सांगितलं, तर ते ‘नाही’ विचारणाऱ्याने किती वेळ खरं धरून चालायचं. सेकंदांत भरायचं होतं. नेटवरच्या कुणाचंतरी बघून तिने शहाऐंशी हजार चारशे भरलं. म्हणजे एक दिवस. भरताना तिला गंमतही वाटली होती: एकदा नाही म्हटलं की चोवीस तास कुणी परत विचारायला येणार नाही, अशी सोय घरात असती तर. आता ती पेटी शेडच्या भिंतीवर तिने शिकवलेलं ‘नाही’ पाळत बसली होती. उद्या सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांपर्यंत ती हैबतचं नाव काढणार नव्हती. कुणीतरी हाताने तिचं बटण बंद करून चालू केलं तरच ती सगळं विसरून नव्याने विचारणार होती.

त्या शेडमध्ये वास ओळखणारी दोन नाकं होती. एक गेलेलं, आणि दुसरं बोलत होतं पण ऐकणारं कुणी नव्हतं. आणि दोघांचंही फक्त तिला माहीत होतं. तिने इद्रीसला परत फोन लावला.

"इद्रीसभाई, पंप बंद करा. साहेबांना माझं नाव सांगा. तो चार खोटा आहे."

"खोटा म्हणजे?"

"रविवारचा आहे. मी तुमच्या मशीनचं नावच घातलं नव्हतं. आत आत्ता किती आहे, कुणाला माहीत नाही. आणि यांना… यांना वास येत नाही. साथीपासून."

इद्रीस एरवी वाक्याला वाक्य जोडणारा माणूस. आत्ता आधी त्याचा हात चालला. खट् असा आवाज आला, मग दुसरा. "पंप बंद केला. पण टाकी अर्धी झाली. आतल्या सगळ्यांचे मोबाईल गेटवर जमा हायत, ताई. माझा माईक मेंटेनन्सवाल्यांनी बिघडवून ठेवलाय. मी पॅनेल सोडून जाऊ शकत नाय, प्रेशर उतरवायचाय. तुमच्या टेबलावरच्या फोनवरनं डबल शून्य नऊ लावा, स्पीकरवर जाईल. तुम्हीच बोला. मला इथनं शेडचं दार दिसतंय."

तिने डाव्या कानाशी इद्रीस धरला आणि उजव्या हाताने टेबलावरचा फोन उचलला. नऊ दाबल्यावर पलीकडे मोठी पोकळी उघडली. तिचा श्वास चाळीस किलोमीटरवर एका पत्र्याच्या छपराखाली घोंगावून परत तिच्या कानात आला. "शेड नंबर तीन," ती म्हणाली. आवाज तिचा नव्हता. स्टेशनवरच्या बाईचा होता. "शेड नंबर तीनमधल्यांनी भिंतीवरची पेटी बंद करून चालू करा, आणि ताबडतोब बाहेर या."

"दारात कुणी नाय," इद्रीस म्हणाला. "दिवसभर असलं काय काय बोलत असतात त्यावर, पोरं ऐकत नायत. नाव घ्या, ताई. काकांचं नाव घ्या, म्हणजे कळंल."

घेतलं तिने. विचार करायला वेळ नव्हता म्हणून घेता आलं. "हैबतराव," ती म्हणाली, आणि ते नाव छपरावर आपटून परत आलं तेव्हा तिला वाटलं आपण कुणा परक्या माणसाला बोलावतोय. ते तिला अजिबात ओळखीचं वाटलं नाही. "हैबतराव. हैबतराव, बाहेर या."

"कुणी नाय, ताई."

कसा येईल? जन्मात या आवाजाने त्याला या नावाने कुणी बोलावलेलं नव्हतं. तिथे तो उभा असणार, इस्त्रीच्या शर्टात, पोरांच्या मधे, हवेत काही नसल्यासारखा, आणि स्पीकरवरच्या कुणा बाईने नाव घेतलं म्हणून संकोचून हसत असणार. त्याला वाटलं असेल, सत्काराचं असेल. मैनाने फोन दोन्ही हातांनी धरला, मोबाईल खांदा आणि कानाच्या मधे दाबला, आणि वरश्याच्या घरात मागच्या दारातून जसं ओरडायची तसं ओरडली.

"अहो! ऐकलं का? अहो, बाहेर या आधी!"

मग इद्रीस हसला. खरोखर हसला, घाबरलेला माणूस हसतो तसा. "आले! काका आले पुढं. आणि ताई, सगळेच निघाले की. प्रत्येकाला वाटलं आपलीच. दोन… चार… ते बघा धावतायत, एकाच्या पायात चप्पल नाय… पाच. सहा."

मघापासून उभी असलेली मैना खुर्चीत बसली. अहो. पत्ता नसलेली हाक, कुणाचीही बायको कुणालाही मारणारी, आणि सहाच्या सहा जण तिच्यामागून उन्हात येऊन उभे राहिले होते.

"गेटवर सात लिहिलेत," इद्रीस म्हणाला. हसणं गेलं होतं. "निकेश नाय."

"कोण निकेश?"

"फिटर. तुमच्या वरश्याच्या पुढचाच. बेचाळीस वर्षांचा. लगीन नाय झालेलं त्याचं. त्याला कोण अहो म्हणणार?"

तिने परत फोन तोंडाशी धरला, आणि त्याच वेळी पडद्यावर ओळ आली. अकरा वाजून बावीस मिनिटं. हैबत. आणि पुढे, पहिल्यांदाच, पत्ता. कुणीतरी पेटीचं बटण बंद करून चालू केलं होतं. सात जणांतल्या एकाने स्टेशनवरच्या बाईचं ते पहिलं कोरडं वाक्य ऐकलं होतं, आणि त्यात कुणाचंच नाव नव्हतं म्हणून ते आपल्याला आहे असं धरलं होतं.

"ताई, चार गेला," इद्रीस म्हणाला. "एकतीस." आणि त्याचं पुढचं बोलणं भोंग्याने गिळलं.

"निकेश," मैना म्हणाली. "निकेश, बाहेर ये. निकेश. निकेश." ज्या माणसाचा चेहरा तिने बघितला नव्हता त्याचं नाव तिच्या जिभेवरून सहज जात होतं, आईने पोराला हाक मारावी तसं, एकामागून एक, आणि भोंगा तिच्या दोन्ही कानांत वाजत होता, एकात जवळून आणि एकात छपराखालून. तिला नवऱ्याचा विचार मनात आणायचा नव्हता. तो बाहेर आहे. मग तिच्या मनात आलं की तो निकेशला आणायला परत आत गेला असेल. ती हाक मारते आहे त्या प्रत्येक नावामागे कुणीतरी जागचं हलतंय, आणि कुठे जातंय ते तिला इथून दिसत नाही.

"आला!" इद्रीस ओरडत होता. "ताई, थांबा, आला तो. काकांनी दारातच धरलाय. खोकतोय, पण चालतोय. बसवलाय त्याला. सात. सात झाले, ताई. सगळे आले."

मैनाने टेबलावरचा फोन खाली ठेवला नाही. समोर निलेशची यादी पसरलेली होती, एकशे एकोणचाळीस खुणा. रविवारी संध्याकाळी तिने हीच यादी बघून स्वतःशी म्हटलं होतं, सगळे आले. सुटलेल्या नावाने काही आवाज केला नव्हता. ते कागदावर होतं, डोळ्यांसमोर होतं, आणि तरी मोजणी बरोबर भरली होती.

"सातच कशावरून?" तिने विचारलं.

"काय?"

"आत सात गेले, हे कुणी सांगितलं?"

"गेटवरची यादी हाय की माझ्यासमोर. सात नावं हायत."

"यादी कुणी लिहिली, इद्रीसभाई? एकेकाला बघून लिहिली, की कुणी सांगितली आणि दुसऱ्याने लिहिली?"

तिकडे खुर्ची सरकली, दार आपटलं, आणि इद्रीसच्या हातातल्या मोबाईलमधून, नियम मोडून, त्याच्या धावत्या पावलांचा आवाज यायला लागला, वाळूवर, मग खडीवर. त्याची धाप ऐकू येत होती. मग लांबून त्याचा आवाज आला, "अरे, आत अजून कुणी हाय का? कोण कुणाबरोबर गेलेला आत, बोला, एकमेकांची नावं सांगा!"

सात माणसं एकदम बोलायला लागली. तिला नवऱ्याचा आवाज त्यात ओळखू आला. आणि मग कुणीतरी एक नाव घेतलं, आणि त्याला त्या सातांतल्या कुणीच ओ दिली नाही.